एकतीस जणींची बहीण

आमच्या सासूबाईंना सख्खी बहीण एकही नाही. चार भावांच्या पाठीवर झालेल्या त्या एकट्या, आणि चारही भाऊ त्यांना टरकून असायचे. तरीही शहराच्या कडेच्या एका धुलाई कारखान्याच्या कागदोपत्री त्या एकतीस बायकांची बहीण होत्या. नाव त्यांचं, नातं बहीण, फोन नंबर आमच्या घरचा. हे कसं झालं ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. मला कारखान्याचा राग आहे, तिथल्या कारकुनाचा आहे, सासूबाईंचाही थोडा आहे, आणि या सगळ्यांना पुरून उरेल इतका माझा स्वतःचा आहे.

सासूबाईंनी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परदेशी कॉल जोडण्यात घालवली. शाळेत इंग्रजीत दोनदा नापास झालेली मुलगी, पण कानाला हेडफोन लावून जगभरच्या माणसांचं ऐकत ऐकत अशी तयार झाली की पुढे नवीन ऑपरेटरांना शिकवायला त्यांनाच बसवायचे. राग तेव्हाही नाकावरच होता म्हणतात. निवृत्त झाल्या तरी बोलणं लाईन खराब असल्यासारखंच, मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. घरात प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, पण बाहेरच्या खोलीतला राखाडी फोन त्यांनी काढू दिला नाही. तो तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा, हा घराचा नियम. "फोन वाजतोय म्हणजे पलीकडे कोणीतरी ताटकळत उभं आहे," असं त्या म्हणायच्या. लग्नाआधी सासू काय काय सोसायला लावेल याची मी मनात मोठी यादी केली होती, त्यात हे नव्हतं. ओल्या केसांनी, साबणाच्या हातांनी मी त्या फोनसाठी धावलेली आहे.

आता तो कारखाना. तिथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतात. गाडीभर चादरी येतात, मशीनमध्ये जातात, तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडतात आणि दोघीदोघी समोरासमोर उभ्या राहून त्यांच्या घड्या घालतात. कारखाना सुरू झाला तेव्हा पहिली लागली ती आमची शेजारीण. तिला सगळे मावशी म्हणायचे. भरतीचा फॉर्म इंग्रजीत होता. वरचा अर्धा भाग कारकून ओळखपत्रावरून भरायचा आणि खालचा अर्धा कामगाराने स्वतःच्या अक्षरात भरायचा, असा नियम. उंची, रक्तगट, काही आजार आहे का, आणि काही झालं तर कोणाला कळवायचं. मावशीच्या घरी तेव्हा फोन नव्हता. सासूबाईंनी तिला सगळं कच्च्या कागदावर लिहून दिलं, कळवण्यासाठी स्वतःचं नाव आणि आमचा नंबर दिला. नातं म्हणून शेजारीण लिहिलं तर कारकुनाला चालेना, म्हणून बहीण लिहिलं.

मावशी हुशार. तिने भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. नवीन बाई कामाला लागली की मावशी पिशवी काढून द्यायची. "हे बघून कर, साहेबांना चालतं." आणि ती बाई करायची. लिहायची नाही, करायची. कापडावर नक्षी उतरवून घ्यावी तसा खालचा अर्धा भाग उतरवून घ्यायची. मावशी काम सोडून दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेली, तरी पिशवी कपाटातच राहिली. अशा रीतीने त्या कारखान्यात एकतीस बायका झाल्या, एकतीसही जणींची उंची पाच फूट दोन इंच, एकतीस जणींचा रक्तगट एकच, आणि एकतीस जणींची एकच बहीण. त्यातली एक माझ्या खांद्याला लागायची आणि एक आमच्या दारातून वाकून आत यायची.

बारा वर्षांत कारकुनाला यात काही वावगं दिसलं नाही. कसं दिसणार? फॉर्म भरला आहे की नाही, एवढंच तो बघायचा. काय भरलं आहे हे बघायला त्याला डोळे दिले होते, पण ते त्याने कुठे गहाण ठेवले होते कोण जाणे.

फोन यायला लागले ते मावशी गेल्यावर. तोवर कोणाला काही झालं की मावशीच तिच्या घरी निरोप धाडायची. "तुमच्या बहिणीचं बोट रुळात आलं आहे." "तुमच्या बहिणीला चक्कर आली आहे." पहिल्यांदा सासूबाई चक्रावल्या, मग चपला घालून निघाल्या. हॉस्पिटलमध्ये गेल्या, अनोळखी बाईजवळ बसल्या, तिच्याकडून घर कुठे ते काढून घेतलं आणि घरच्यांना बोलावून आणलं. मग कारखान्यात जाऊन कारकुनाला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "हो हो, दुरुस्त करून घेतो." दोन वर्षांत असे सहा फोन आले, सहाही वेळा सासूबाई गेल्या आणि तीन वेळा कारकून हो हो म्हणाला.

सातवा फोन मी उचलला.

मी कारण सांगणार नाही. कारणं पुष्कळ होती. लेकाला ताप होता, सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, गॅसवर दूध होतं, आणि सहा वेळा सासू दुसऱ्यांच्या बहिणींसाठी धावली की घरातली कामं कोणाच्या गळ्यात पडतात ते मला विचारा. पण ही कारणं मी गेली दोन वर्षं स्वतःला सांगून बघितली आहेत, एकही टिकत नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमची बहीण पडली आहे, हॉस्पिटलला नेलं आहे, लवकर या." माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "इथे कोणाची बहीण नाही. पुन्हा इथे फोन करू नका." फोन आदळला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून रिसीव्हर उचलून बाजूला काढून ठेवला.

सासूबाई पाच वाजता आल्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं, पण फोनचं त्यांना आंधळेपणीही कळलं असतं. रिसीव्हर जागेवर ठेवत त्यांनी विचारलं, "केव्हापासून बाजूला आहे?" मी सांगितलं. काय बोलले तेही सांगितलं. त्यांनी तिथेच उभं राहून कारखान्यात फोन लावला. ती बाई साडेतीनला गेली होती.

तिला कारखान्यात घडीवाली ताई म्हणायचे. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. म्हातारी आई आणि धाकटी बहीण तासाभराच्या अंतरावर राहायच्या. हॉस्पिटलात ती जवळजवळ अडीच तास शुद्धीवर होती आणि बहिणीला बोलवा, एवढंच म्हणत होती. नर्सने कारखान्याच्या माणसाला सांगितलं आणि तो म्हणाला, "कळवलं आहे." धाकटीला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, घड्या घालणाऱ्या दुसऱ्या एका बाईकडून, बसस्टॉपवर.

कारखान्यावर मला संताप येतो तो यासाठी. तीस बायका तिथे उभ्या होत्या. कोणालाही हाक मारून विचारलं असतं, हिचं घर कुठे आहे, तर तिने हातातली चादर टाकून दाखवलं असतं. पण कागदावर नंबर आहे म्हटल्यावर माणसाला विचारायचं कशाला? आणि मला माझा संताप येतो तो यासाठी की त्या कागदावरचा नंबर लागला होता, आणि मी उचलला होता.

सासूबाई मला ओरडल्या नाहीत. ज्या बाईने चहात साखर जास्त पडली म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ती आठ दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. दुसऱ्या दिवशी त्या धाकटीच्या घरी जाऊन आल्या. तिथे रडारड, माणसांची गर्दी, कोणी कोणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हतं. आईजवळ बसून परत आल्या. मी विचारलं, "सांगितलंत का?" त्या म्हणाल्या, "ते सांगणं माझं नाही. तुझं आहे."

दोन महिने गेले. एक दिवस सकाळी फोन वाजला. हल्ली मी पहिल्या घंटीला उचलायचे, पण त्या दिवशी सासूबाई जवळ होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, चेहरा लालबुंद झाला आणि त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की लेक अभ्यास सोडून बाहेर आला. घडीवालीच्या जागी कारखान्याने धाकटीला घेतलं होतं. धाकटीचा हात कापला होता. आणि फोन आमच्याकडे आला होता, कारण धाकटीनेही फॉर्म भरताना त्याच पिशवीतल्या कागदावरून नक्षी उतरवली होती.

जिची बहीण त्या कागदापायी एकटी गेली, तिनेही तोच कागद उतरवून दिला होता. ती काय लिहिते आहे हे तिला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं ते हो हो म्हणत बसले होते.

सासूबाई आधी हॉस्पिटलात गेल्या आणि मग संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. मी बरोबर होते. बायका बाहेर पडायला लागल्या तशा त्या कडाडल्या, "माझ्या सगळ्या बहिणींनो, इकडे या! तुमची उंची पाच फूट दोन इंच आहे का? तुझी? तुझी?" बायका बावरून हसायला लागल्या. मग त्यांनी सगळा प्रकार सांगितला तेव्हा हसू बंद झालं. "येत्या रविवारी दुपारी माझ्या घरी यायचं. फी नाही, काही नाही. इंग्रजी शिकायचं आणि आपापला फॉर्म आपण भरायचा. नाही आलात तर दर आठवड्याला इथे येऊन तुमची अब्रू काढीन." असं रागारागाने घातलेलं आमंत्रण मी दुसरं बघितलेलं नाही. लोक म्हणतात सासूबाईंनी समाजसेवा केली. सेवा कसली, त्या भांडायला निघाल्या होत्या आणि भांडणाला इंग्रजी लागत होतं.

पहिल्या रविवारी अकरा जणी आल्या. एक भिंतीला टेकून अशी बसली जशी काही लसच टोचून घ्यायची आहे. सासूबाईंकडे पुस्तक नव्हतं. त्यांनी बँकेतून, पोस्टातून, दवाखान्यातून, शाळेतून कोरे फॉर्म गोळा केले होते. सफरचंदाचं आणि मांजराचं इंग्रजी शिकवणार नाही, म्हणाल्या. "मांजर तुमच्याकडून काही भरून घेत नाही." बोलणं शिकवायचं तर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि दोघींना त्यावर बसवायचं. तोंड दिसलं की माणूस हसून वेळ मारून नेतो, फोनवर ते चालत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग दोघी भिंतींकडे बघत एकमेकींना नाव, पत्ता, कुठे दुखतंय ते इंग्रजीत विचारायच्या. चुकलं की सासूबाई टाळी वाजवून ओरडायच्या, "लाईन कट!" वह्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. बारावीपर्यंतचं माझं इंग्रजी तेवढ्याला पुरे होतं.

धाकटी दुसऱ्या रविवारी आली, हाताला पट्टी बांधून. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी, नजर सरळ. ती मला वहिनी म्हणायला लागली. वर्ग संपल्यावर तिने सासूबाईंना सांगितलं, "बाई, मला फॉर्मपुरतं नाही शिकायचं. मला ताईची फाईल वाचायची आहे."

"फाईलमध्ये काय आहे?"

"मॅनेजरसाहेब म्हणतात, आम्ही फोन केला होता, घरच्या बाईने यायला नकार दिला. असं फाईलमध्ये लिहिलं आहे म्हणतात. खोटं आहे ते. ताईचं घरचं माणूस मी. मी कधी नकार दिला?" मग ती थांबली. "नंबर तुमचा होता ना? बाई, त्या दिवशी तुम्हाला फोन आला होता का?"

मी हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

सासूबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मला फोन आला नाही." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, बघत राहिल्या. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि कप वाटायला लागले.

"म्हणजे केलाच नाही त्यांनी," धाकटी म्हणाली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात सासूबाईंचा आवाज परत आला. "तुला जागा करून दिली होती मी! दार उघडून दिलं होतं!"

"तुम्हीच सांगायचं होतंत मग," मी म्हटलं. "सगळं जग तुम्हीच सुधारता ना?"

"मी सांगितलं तर ती चुगली होईल. तू सांगितलंस तर ते सांगणं होईल."

"आणि तुम्ही तिला वाचायला शिकवणार? ते वाचण्यासाठी?"

"शिकवणार. तिने मागितलं आहे. तिला वाचता यायच्या आत तू सांग. तेवढा वेळ आहे तुझ्याकडे."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हातारीने मला बरोबर कोंडीत पकडलं होतं, आणि गंमत म्हणजे कोंडी मीच बांधलेली होती. पुढे वर्ग बुधवारीही भरायला लागला. दर रविवारी, दर बुधवारी माझा वेळ माझ्या डोळ्यांदेखत कमी व्हायला लागला. अकरातल्या पाच जणी गळल्या, हळूहळू नवीन सोळा आल्या. धाकटी एकदाही चुकली नाही. बसमध्ये पाट्या वाचायची, चादरींच्या गठ्ठ्यांवरची लेबलं वाचायची, औषधांची खोकी वाचायची. तिच्या वहीत लाल खुणा कमी होत गेल्या तशी मी त्या दर वेळी मोजायला लागले. एखादी आई मुलाने प्रगती करू नये म्हणून देव पाण्यात घालून बसेल का? मी बसले होते. एकदा मी तिची बरोबर असलेली ओळ चूक म्हणून खोडली. मग स्वतःचीच शरम वाटून खोडलेलं पुन्हा बरोबर केलं. तिने विचारलं, "वहिनी, हे बरोबर आहे की चूक?" मी म्हटलं, "बरोबर आहे. माझंच लक्ष नव्हतं."

सांगायची संधी नव्हती असं नाही. ती मला भांडी विसळायला मदत करायची. एकदा नळाखाली हात धरून म्हणाली, "वहिनी, ताईने शेवटी माझं नाव घेतलं असेल आणि मी आले नाही असं तिला वाटलं असेल का?" मी म्हटलं, "नाही गं, असं काही मनात आणू नकोस." केवढी समजूतदार मी! समोर ते दुःख मीच वाढून ठेवलं होतं आणि वर तिची समजूत काढत होते.

आठ महिन्यांत बावीस जणींनी आपापले फॉर्म स्वतःच्या हाताने नव्याने भरले. मॅनेजर आधी घेईना. एकदा भरलेला फॉर्म बदलता येत नाही म्हणाला. सासूबाई त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि तिथूनच, मोठ्या आवाजात, शुद्ध इंग्रजीत त्याला फॉर्मवरची सूचना वाचून दाखवली. बदल झाल्यास ताबडतोब कळवावे, असं त्यावर छापलेलंच होतं. कारखान्याचा मॅनेजर असून ते त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं असावं. त्याने फॉर्म घेतले. पण त्या दिवसापासून आमच्या घरून आलेल्या प्रत्येक बाईवर त्याने डूख धरला.

त्यातच धाकटीचा तोल गेला. जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर कोणाला तरी म्हणत होता की हल्ली घड्या घालणाऱ्या बायका साहेब झाल्यात. धाकटी उठून उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुम्ही खोटारडे आहात. माझ्या बहिणीसाठी तुम्ही फोन केलाच नाही." तो थंडपणे म्हणाला, "इंग्रजीत अर्ज कर, फाईल दाखवतो. त्यात फोनची नोंद असली तर माझी लेखी माफी मागायची, तीही इंग्रजीत. नाहीतर घरी बसायचं." ती म्हणाली, "चालेल."

त्या बुधवारी तिने अर्ज लिहिला. आमच्या खोलीत बसून, कोणाला काही न विचारता. सात ओळी, एकही चूक नाही. सासूबाईंनी वाचून तो माझ्याकडे दिला. धाकटी म्हणाली, "वहिनी, उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर. बाई आल्या की साहेब चिडतात. आणि कुठे अडलं तर तुम्ही असाल."

मी हो म्हटलं. रात्रभरात सांगेन, सकाळी सांगेन, बसमध्ये सांगेन असं ठरवत गेले. बसमध्ये ती खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्यं घोकत होती. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा तिने वळून विचारलं, "काय वहिनी?" मी म्हटलं, "उतरायचं आलं."

ऑफिस म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीपलीकडे रुळांची घरघर, सगळीकडे तापलेल्या कापडाचा वास. कारकुनाने फाईल टेबलावर टाकली. मॅनेजर हाताची घडी घालून खुर्चीत मागे रेलला. फाईलमध्ये वर फॉर्म होता, पाच फूट दोन इंचवाला. त्याच्या मागे पिन लावलेला एक छोटा कागद. धाकटीने त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. आधी इंग्रजीत, मग स्वतःची खात्री करून घ्यावी तसं आपल्या भाषेत.

"दहा पन्नास. फोन केला. बाईने उचलला. बहीण नाही म्हणाली. पुन्हा फोन करू नका म्हणाली." बोट खालच्या ओळीवर गेलं. "अकरा पाच, एंगेज. अकरा तीस, एंगेज."

मॅनेजर म्हणाला, "समजलं?"

ती कागदाकडेच बघत होती. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, मी बरोबर वाचलं का?"

"हो."

"बाई तर डॉक्टरकडे होत्या."

"हो."

"मग फोन कोणी उचलला?"

"मी," मी म्हटलं.

तिने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "आणि एंगेज?"

"मी रिसीव्हर काढून ठेवला होता. पाचपर्यंत."

"ताई साडेतीनला गेली," ती म्हणाली. मला नव्हे, कागदाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्या अंगावर धावून आली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या थोबाडीत द्यावी म्हणून मी तिथे उभीच होते. मी मॅनेजरकडे वळून म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. हिने माफी मागायची गरज नाही, मी लिहून देते."

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं. "तुमची माफी घेऊन मी काय करू? मला खोटारडा हिने म्हटलं, सगळ्यांसमोर." आणि त्याने कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

त्याच्यात काडीचीही माणुसकी नव्हती. त्याने तीन वेळा एकाच नंबरवर फोन केला आणि हात झटकून मोकळा झाला, तिच्या शेजारी काम करणाऱ्या एका बाईलाही विचारलं नाही. पण कागद त्याच्या बाजूने होता, आणि तो मी त्याच्या बाजूने करून दिला होता. घरात आई होती, नोकरी गेली तर दुसरं काही नव्हतं. धाकटी खुर्चीवर बसली. पेन उचललं.

ती हळूहळू लिहीत गेली. आमच्या घरात शिकलेल्या इंग्रजीत त्या माणसाची माफी, गोल, स्वच्छ अक्षरात. तिसऱ्या ओळीवर अडली. कुठलातरी शब्द तिला आठवेना. इतक्या महिन्यांच्या सवयीने तिचं डोकं माझ्याकडे वळलं, वहीवरून वळायचं तसं, आणि मीही पुढे वाकले.

मग तिला आठवलं असावं मी कोण ते. तिने मान परत वळवली, कागदावर थोडी जागा मोकळी सोडली आणि पुढचं लिहायला लागली.